काका बसले तरच वळणारी गाडी

बोरीच्या जीवन गिरामला गाडी वळवता येत नाही असं त्याच्या तोंडावर कुणी कधी म्हणालं नव्हतं. आमच्या भागात गाडी वळवायची वेळच फारशी येत नाही. परभणी जिल्ह्यातला रस्ता एकदा निघाला की नाकासमोर जातो. वळलाच तर समजायचं, पूल आलाय किंवा कुणाचा तरी बांध आडवा आलाय. अशा जिल्ह्यात या माणसानं खास वळणं घेण्यासाठी बनवलेली गाडी आणली. विहीर नसलेल्या शेतकऱ्यानं होडी घ्यावी, तसं.

गाडी लाल, जपानी, दोन दारांची, दोन माणसांची. वय वीस. जीवन तिचा चौथा मालक. कापडी छत फाटलं म्हणून तिसऱ्या मालकानं ते काढून भंगारात दिलं होतं. जीवन सांगायचा, "मुद्दाम ओपन घेतली." मे महिन्यात परभणीचा पारा त्रेचाळीसवर असताना बिनछताच्या गाडीत बसणं ही शिक्षा आहे, हे कळायला गाडीतलं काही कळावं लागत नाही. जीवन डोक्याला ओला पंचा गुंडाळायचा, त्याखाली काळा चष्मा आणि हातात अर्ध्या बोटांचे कातडी मोजे. पंपावरचा माणूस पहिल्यांदा हळहळला, "अरारा, शेठ, हात भाजले काय?"

"ग्रिप असते," जीवन म्हणाला.

घरात माणसं पाच: तो, बायको राजेश्री, दोन मुली आणि आई सरजाबाई. गाडीत सीटा दोन. हे गणित त्यानं केलं नाही, कारण गणित त्याचं आधीपासूनच कच्चं. शाळेत तो माझ्या चार वर्षं पुढं होता. मेकॅनिकलच्या डिप्लोम्याला परभणीला गेला, ड्रॉइंगच्या पेपरात तीनदा बसला आणि तीनदा तिथंच राहिला. गावात येऊन सांगितलं, सरांशी पटलं नाही. सरांचंही त्याच्याशी पटलं नव्हतं, हे त्यांनी गुणांतून कळवलं होतं. मग वडिलांचं कृषी सेवा केंद्र सांभाळायला लागला. कापसावर मावा पडो की सोयाबीनवर अळी, तो मागच्या फळीवरून एकच बाटली काढतो. चेहरा मात्र असा करतो, की शेतकऱ्याला वाटावं, ह्यानं अळीची पत्रिका पाहिलीय.

गाडी आल्यापासून तो वळणांवर बोलायला लागला. उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला चहाच्या टपरीवर थांबवून म्हणाला, "वळण बाहेरून घ्यायचं, मध्ये आत शिरायचं अन् निघताना पाय द्यायचा."

ट्रॅक्टरवाल्यानं चहा संपवला. "मागं दोन ट्रॉल्या हायत, शेठ. त्यायला इचारून सांगतो."

एवढं असूनही ही गाडी त्याला प्रिय होती हे मान्य करतो. दुकान वडिलांचं, घर आजोबांचं, बायको आईनं पाहिलेली, मुलींची नावं आत्यानं ठेवलेली. त्यानं स्वतःच्या अकलेनं आयुष्यात निवडलेली वस्तू ही एकच. निवड पाहिल्यावर बाकीच्यांनी इतकी वर्षं त्याला का निवडू दिलं नाही, तेही कळतं.

तर पहिल्याच आठवड्यात तो राजेश्रीला घेऊन तिच्या माहेरी जिंतूरला निघाला. पुलाच्या अलीकडच्या वळणावर त्यानं ते आत शिरायचं वगैरे केलं. स्टेअरिंग फिरवलं तरी गाडी थोडा वेळ सरळच गेली, मग एकदम वळली, पुढची काच करकरली आणि राजेश्रीच्या बाजूचं दार आपोआप उघडलं. तिनं हाताला आलं ते धरलं. हाताला जीवनची कॉलर आली. माहेरी पोहोचला तेव्हा त्याच्या सदऱ्याला वरची तीन बटणं नव्हती.

"बॉडीला फ्लेक्स हाय थोडा, लवती जराशी," तो सासऱ्याला म्हणाला.

सासऱ्यानं बटणांकडं पाहिलं, विषय बदलला.

घरी आल्यावर राजेश्रीनं शांतपणे सांगितलं. ती चिडली की आवाज चढवत नाही, उतरवते. "आवं, नरसिंह जयंतीला पोखर्णीला जायचं हाय. ह्याच गाडीत जाऊ. जाऊन येईस्तोवर माझं दार लागलेलं ऱ्हायलं तर गाडी तुमची, जलमभर ठिवा. उघडलं, तर ही इकायची अन् पाच माणसं बसतेल अशी आणायची. कबूल का?"

"कबूल," जीवन म्हणाला. वर चार लोकांत सांगूनही टाकलं. ते चार लोक टपरीवरचे होते, म्हणजे संध्याकाळपर्यंत बोरीला कळलं.

परभणीला जिंतूर रोडला माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, निधन, सगळे फलक एकाच मशीनवर निघतात. शेजारी सिद्धोधन वाकळेची वेल्डिंगची शेड. तो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधतो, पाण्याचे टँकर, शाळांची फाटकं. मधे पत्र्याची भिंत, तीही अर्धीच. त्यामुळं पुढचं सगळं मला बघायचं नसलं तरी दिसलं असतं. बघायचं होतं, हा भाग वेगळा.

जीवन गाडी घेऊन आला आणि अर्धा तास बोलला. टॉर्शनल रिजिडिटी, चेसिस स्टिफनिंग, हँडलिंग. हे शब्द त्यानं व्हिडिओतून जसेच्या तसे आणले होते, वाटेत एकाचाही अर्थ सांडू दिला नव्हता. मुळात भरलेलाच नव्हता. सिद्धोधन ऐकत होता. मग त्यानं पुढच्या डाव्या कोपऱ्याखाली जॅक लावला आणि हळूहळू उचलायला लागला. डावं चाक उठलं. शेजारचं उजवं जमिनीवर. अजून उचललं. उजवं जमिनीवरच. दाराच्या वरची फट मात्र एका टोकाला मिटत गेली, दुसऱ्या टोकाला फाकत गेली.

"बघितलं का, शेठ? एक कोपरा उचलला की दुसऱ्यानं संगं यायला पायजे. ही येईना. ही गाडी न्हाई, ढिल्ली बाज हाय. एका कोपऱ्यात बसलं की दुसऱ्या कोपऱ्याचा पाय उठतोय, तसली."

"म्हणजे रिजिडिटी—"

"असंल. तुमची चेसिस म्हंजे हिचा सांगाडा, त्योच ढिला हाय. तुमी स्टेअरिंग फिरवायलात, आधी गाडी पिळती, मंग चाकाला खबर जाती. तवर वळण सरून जातंय. पत्र्याचं छत असतं तर त्यानं धरली असती. छत न्हाई, अन् दाराखालच्या ह्या दोन पट्ट्या, ज्यांच्यावर सगळा जिम्मा, त्या आतून गंजल्यात." त्यानं पट्टीवर हातोडी टेकवली. आवाज भाजलेल्या पापडासारखा आला.

"व्हतं का काही?"

"व्हतं. दोन्ही पट्ट्यायच्या आतून चौकोनी पाइप घालू. खाली आडवी फुली मारू. पुढं इंजिनावरून, दोन्ही स्प्रिंगांच्या डोक्यायला जोडणारी एक दांडी. मंग ही एका लाकडाची व्हईल."

जीवनला आनंद झाला. रोग त्यानं सांगितलेलाच निघाला होता. मलाही जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं. हा माणूस कशाबद्दल बरोबर असू शकतो याची सवय नव्हती.

"पन," सिद्धोधन म्हणाला, "गाडी चारी चाकांवर समान उभी पायजे. दारं लागलेली पायजेत. अन् गाडी पूर्ण रिकामी पायजे. लोखंड जसं असताना टाका मारला, तसंच ते जलमभर ऱ्हातंय. वाकडं असताना मारला तर वाकडेपनाच मजबूत व्हतोय."

जीवननं मान हलवली. ती मान कुठलीही गोष्ट आत न घेता हलते, हे आम्हाला शाळेपासून माहीत आहे.

आता दत्तरावकाकांबद्दल सांगायला हवं. दत्तराव हे जीवनचे थोरले चुलते. वजन एकशे एकवीस किलो. हा आकडा अंदाजाचा नाही, पुढं मोजला गेला. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी गिरामांच्या शेतात बोअर घेताना दत्तराव दमून मशीनवाल्याच्या पेटीवर बसले आणि त्याच घटकेला पाणी लागलं. तेव्हापासून त्या घरात ठरलं, की कुठल्याही नव्या वस्तूवर आधी काकांनी बसायचं. ट्रॅक्टरवर बसले. मोटारसायकलवर बसले, तिचा मागचा शॉकअब त्याच दिवशी बदलला. सोफा, दिवाण, आट्याच्या चक्कीचं झाकण. मळणी यंत्रावरही बसवले होते, यंत्र बंद होतं एवढंच. दत्तरावांनी आयुष्यात दुसरं काही केलं नाही, पण बसले ते मनापासून.

आणि मजबूत केलेली गाडी म्हणजे नवीच गाडी, असं जीवनच्या घरात ठरलं. जोशीबुवांनी फोनवर मुहूर्त दिला: अकरा पन्नास ते बारा चाळीस. माझ्याकडं फ्लेक्स छापायला आला. "मराठवाड्यात प्रथमच! भव्य चेसिस मजबुतीकरण शुभारंभ." डावीकडं दत्तरावांचा आशीर्वादाचा हात, उजवीकडं जीवन, काळ्या चष्म्यात, छातीवर हातांची घडी. मधे गाडी. मी विचारलं, "शुभारंभ कशाला? एकदाच करायचं काम आहे ना?" तो म्हणाला, "तू छाप." मी छापला. आमच्या धंद्यात मजकुराची लाज ग्राहकानं बाळगायची असते.

मुहूर्ताच्या दिवशी सिद्धोधननं सगळी तयारी केली होती. गाडी एकसारख्या उंचीच्या चार लोखंडी घोड्यांवर, चाकं टेकवून. पेट्रोलची टाकी उतरवलेली, बॅटरी काढलेली, आत ओली पोती पसरलेली. चुन्याच्या दोरीनं त्यानं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी मापं घेऊन भिंतीवर लिहिली होती. पाइप कापून, जागेवर बसवून, फक्त टाके मारायचे राहिले होते. तेवढ्यात जीवन, दत्तराव आणि टपरीवरचे ते चौघं आले. फळी लावली, तिघांनी खालून जोर दिला आणि दत्तराव डाव्या सीटवर विराजमान झाले. घोडे कण्हले. नारळ फुटला.

"झालं ना? आता काकाला उतरवा," सिद्धोधन म्हणाला.

"उतरवा? आत्ता तर मुहूर्त लागला. टाके मुहूर्तातच पडले पायजेत. काका बसूनच ऱ्हातील."

"शेठ, मी काय म्हणलो होतो? गाडी रिकामी पायजे."

"पन्नास मिनिटांचा प्रश्न हाय, यार."

"लोखंडाला घड्याळ न्हाई. ही डावीकडं दबलीय, हे बघा, बोटभर. आत्ता टाका मारला तर ही काकाच्या मापाची व्हईल."

दत्तरावांनी वरून समजूत घातली, "मी काही हालत न्हाई बाबा. तुमी करा निवांत."

"हालत न्हाईत हेच तर दुखनं हाय, काका."

चौघं हसले. जीवन हसला नाही. त्याचा चेहरा बाटली काढतानाचा झाला. "हे बघ सिद्धोधन, तुला मुहूर्ताचं काही नसंल, ठीक हाय. आमच्यात हाय. काका उतरले अन् काम बिघडलं तर घरात मी काय तोंड दाखवू? अन् खरं सांगू का, माणूस बसलेला असताना टाका मारला तर उलट बरं. गाडी काय रिकामी पळवायची हाय का?"

हे वाक्य ऐकल्यावर मला वाटलं, ड्रॉइंगच्या सरांना शोधून काढावं आणि त्यांचे पाय धरावेत.

सिद्धोधननं हातमोजा काढला. तो जीवनला त्या फ्लेक्ससमोर घेऊन गेला आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "मी सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं."

"काय सांगितलं?"

"गाडी रिकामी पायजे म्हणून."

"हे चौघं ऐकायलेत. शेजारचा फ्लेक्सवाला बी ऐकायलाय. उद्या मला बोलायचं न्हाई." आणि मोजा घालून तो खाली शिरला.

काम मात्र त्यानं चोख केलं. एक टाका डावीकडं, एक उजवीकडं, एक पुढं, एक मागं. एका जागी लोखंड तापून ओढू नये म्हणून. ठिणग्या उडत होत्या, आणि वर दत्तराव ओल्या पोत्यांवर पाय ठेवून बसले होते. "पाय लय गार वाटायलेत," ते म्हणाले आणि बारा वाजून दहा मिनिटांनी झोपले. घोरण्यानं गाडी हलत नव्हती, म्हणजे टाके धरत होते. शेवटी सिद्धोधननं दाराची कडी जुळवली. कुणाच्या वजनावर जुळवली, हे सांगायला नको. दार लावलं. टक्. असा आवाज त्या दाराला तिसऱ्या मालकाच्या काळातही आला नसेल. टाळ्या झाल्या, फोटो झाले.

मग दत्तरावांना उतरवलं. गाडीतून कुठून तरी एक बारीक "कर्र" आला आणि दार उघडलं. सावकाश, पाहुण्याला वाट द्यावी तसं. लावलं, उघडलं. पुन्हा लावलं. कडी आता तिच्या जागेपासून बोटभर वर होती.

टाकी, बॅटरी बसवून जीवन एकटाच चक्कर मारायला गेला आणि पाच मिनिटांत परत आला. गाडी उजवीकडं ओढत होती आणि दार पंख्यासारखं हलत होतं. मग तो दत्तरावांना घेऊन गेला. वीस मिनिटांनी आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. "वळली," तो म्हणाला. "सिद्धोधन, आईशप्पथ, मनात आलं की वळायलीय!" वळणारच. एकशे एकवीस किलोचे काका डाव्या सीटवर असताना ती गाडी खरोखर एका लाकडाची होती. दार लागलेलं, चारी चाकं समान, स्टेअरिंग हलकं. काका उतरले की पुन्हा वाकडी.

"दोन दिवस द्या," सिद्धोधन म्हणाला. "कापतो, रिकामी करून पुन्हा बसवतो. पोखर्णीच्या आधी व्हऊन जाईल."

"काकाच्या बैठकीचं काम कापायचं?" जीवननं आवाज खाली आणला. "अरे, ते म्हातारं मनाला लावून घेईल. बोअर आटली तर माझ्यावर येईल."

"मंग राजेश्रीताईंनी काय करायचं?"

"त्याचं मी बघतो."

त्यानं जे बघितलं ते असं. दुकानातल्या काट्यावर काकांना उभं केलं: एकशे एकवीस. राजेश्रीला उभं राहायला सांगितलं, तिनं नुसतं पाहिलं. मग त्यानं पंचावन्न धरले. राहिले सहासष्ट. युरियाची गोणी पंचेचाळीस किलोची. एक गोणी आणि वर अर्धी. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं गणित बरोबर आलं, आणि तेही असल्या कामाला.

नरसिंह जयंतीच्या सकाळी तो दीड गोणी युरिया राजेश्रीच्या पायाशी ठेवून निघाला. मला व्हिडिओ काढायला मोटारसायकलवर मागून यायला सांगितलं होतं. मुली आणि सरजाबाई गावातल्या मुंजाजीच्या टेम्पोत, कारण सीटांचा हिशेब अजून दोनावरच होता. राजेश्रीचे गुडघे हनुवटीला लागले होते, मांडीवर पूजेचं ताट होतं आणि डोक्यावर पदर, वारा आणि ऊन.

"हे काय ठिवलंय?" तिनं विचारलं.

"बॅलन्स."

"खत हाय ना हे?"

"सध्या बॅलन्स हाय."

खोटं कशाला बोलू, परभणी ओलांडून गंगाखेड रोडला लागेपर्यंत दार लागलेलं होतं. गाडी छान चालली होती. आरशात मला जीवनचं तोंड दिसत होतं, आणि ते पाहून क्षणभर मला त्याच्यासाठी बरं वाटलं. माझ्या बाजूनं ही चूकच झाली. पोखर्णी तीन-चार किलोमीटर राहिली आणि एक उजवं वळण आलं. चांगलं लांब, आमच्या जिल्ह्याला न शोभणारं. साध्या माणसानं वेग कमी केला असता. बायकोची अट, मांडीवर ताट, पुढं देव. पण जीवनला वाटलं, हेच ते वळण. तो बाहेरून आला, आत शिरला आणि पाय दिला.

गाडीनं अप्रतिम वळण घेतलं, हे मी पाहिलंय. ती रस्त्याला चिकटून गेली. गोण्यांना मात्र कुणी काही शिकवलेलं नव्हतं. आधी अर्धी गोणी डावीकडं कलली आणि दारावर आपटली. कडी सुटली, दार उघडलं, गोणी बाहेर. तिचं वजन गेलं तशी गाडीनं अंग वर घेतलं आणि दुसरी गोणीही तिच्यामागं गेली. डांबरावर पांढरेशुभ्र दाणे पसरले. राजेश्री सीटच्या पट्ट्यामुळं जागेवर राहिली. एका हातात ताट होतं, दुसऱ्या हातात पुन्हा कॉलर.

मागून मुंजाजीचा टेम्पो आला आणि थांबला. मुंजाजी आधी राजेश्रीकडं धावला, "वहिनी, लागलं न्हाई ना?" न्हाई म्हणाल्यावर त्यानं खाली पाहिलं, दाणे बोटांत चोळले आणि उभा राहिला.

"जीवनशेठ, हा युरिया हाय."

जीवननं डोक्यावरचा पंचा सारखा केला.

"परवा उसाला मागितला तर म्हणलात, शिल्लक न्हाई, वरूनच माल आला न्हाई. मी हात जोडले हो तुमच्याम्होरं. अन् तुमी बायकोच्या पायाखाली दीड गोणी घालून देवाला चाललात?"

टेम्पोतून कुणीतरी म्हणालं, "रस्त्याला ऊस लावला असंल." सगळा टेम्पो हसला. जीवनच्या मुलीही हसल्या. लहान आहेत, पण बोरीच्या आहेत.

राजेश्री उतरली. साडी झटकली. ताटातला नारळ सरळ केला. टेम्पोत बायांनी तिला जागा केली, तिथं ती चढली आणि वरून नवऱ्याला म्हणाली, "तुमी या सावकाश गोळा करून. मी देवाला सांगते, माझं मागनं पुरं झालं म्हणून."

तो युरिया हातानं गोळा करत होता तेव्हा मी व्हिडिओ काढला नाही. दया म्हणून नाही. बॅटरी संपली होती.

जूनमध्ये मी त्याच्या दुकानाचा फलक बसवायला बोरीत गेलो, तर गाडी बघायला हिंगोलीचं गिऱ्हाईक आलेलं. माऊली नावाचा सडपातळ तरुण, कोचिंग क्लासमध्ये शिकवणारा. जीवननं शब्द पाळला होता, म्हणजे राजेश्रीनं पाळायला लावला होता. पण कसा पाळत होता बघा. डाव्या सीटवर दत्तराव आधीच बसवलेले.

"काका संगं येतेल. त्यायला हवा लागते," जीवन माऊलीला म्हणाला.

माऊली चक्कर मारून आला तो हरखून. "काय कडक बॉडी आहे हो! वीस वर्षांची वाटत नाही. वळणावर तर रुळावरून गेल्यासारखी."

"चेसिस मजबूत केलीय. मराठवाड्यात प्रथमच," जीवन म्हणाला. मीच छापलेला मजकूर, मी मान खाली घातली. मी बोललो नाही, हेही लिहून ठेवतो. शिडीवर होतो, त्याचं गिऱ्हाईक होतं, माझं बिल बाकी होतं. कारणं माणसाला कमी पडत नाहीत.

राजेश्री चहा घेऊन बाहेर आली. कप दिला, आणि तोच उतरलेला आवाज लावून म्हणाली, "भाऊ, चहा घ्या. मंग एकदा काकाला उतरवा अन् चालवून बघा."

माऊली तिच्याकडं बघत राहिला. जीवन म्हणाला, "अगं—" दत्तराव मात्र खुशीत होते. "उतरवा बाबा, मला बी आता ताठल्यासारखं झालंय," म्हणाले. तिघांनी उतरवलं. दार उघडलं. माऊलीनं ते लावलं, ते उघडलं. त्यानं कप खाली ठेवला.

भांडण झालं नाही. माऊलीला गाडी आवडली होती, पण काका नको होते. तो सिद्धोधनकडं आला. सिद्धोधननं भिंतीवरची चुन्याची मापं दाखवली, ती अजून पुसलेली नव्हती. "गाडी माझ्या नावावर झाली की कापा," माऊली म्हणाला. जीवनची हरकत नव्हती. गाडी दुसऱ्याची झाल्यावर बैठकीचा दोष त्याच्या घराला लागणार नव्हता. माझ्या मते त्या घराला तो आधीच लागलेला आहे.

दोन दिवस लागले. रिकामी गाडी, चारी चाकं समान, दारं लागलेली. शेवटी जॅक लावून एक कोपरा उचलला, तर शेजारचा लगेच सोबत आला. माऊली एकटा बसला, दार ओढलं, टक्, आणि जिंतूर रोडनं निघाला. पुढं चौकात वळला तेव्हा गाडी पिळली नाही, रेंगाळली नाही, दार उघडलं नाही.

जीवन शेडच्या दारात उभा होता. काळा चष्मा होता, मोजे नव्हते. गाडी दिसेनाशी झाल्यावर तो सिद्धोधनकडं वळला.

"मी पहिल्या दिवशीच म्हणलो होतो ना? रोग चेसिसचाच हाय."

म्हणाला होता. मला आठवतंय, म्हणूनच राग येतो.